त्यानं तुला हिशेब करून निवडलं

(पत्र लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि तालुका छापलेला नाही. पत्र थोडं लहान केलं आहे.)

दादा,

मी २६ वर्षांचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, बौद्धवाडीत राहतो. हंगामात आंब्याच्या बागेत कामाला जातो. काढणी, निवड, पेट्या भरणं, सगळं करतो. मी गे आहे हे वाडीत कुणालाच ठाऊक नाही.

बागमालकाचा पुतण्या हंगामाला मुंबईहून येतो. तो ॲपवर भेटला. फोटो झाले, दोन मेसेज झाले आणि लगेच विचारलंन, "आडनाव काय? कुठली वाडी?" तरी भेटलो. पहिल्यांदा माझ्या मर्जीनं. मग मला नको वाटायला लागलं, तसं मी सांगितलंही. एप्रिलात एका रात्री पेट्या मोजायच्या म्हणून त्यानं मला शेडमध्ये थांबवलं आणि दार लावून घेतलं. मी नको म्हणत होतो. त्यानं जातीचं नाव घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही लोक आम्हाला कधीपासून नाही म्हणायला लागलात?" मी ओरडलो नाही. हातपाय हललेच नाहीत. आणि माझ्या शरीरानं त्याला साथ दिली. ते मला सगळ्यात जास्त खातं. नंतर म्हणाला, कुठे बोललास तर चॅट वाडीत दाखवीन. हंगामाची शेवटची मजुरीही दिली नाही.

मुंबईच्या एका गे ग्रुपवर सांगून बघितलं. दोघेतिघे म्हणाले, वाईट झालं, पण यात जात कशाला आणतोस, इथे आपण सगळे सारखेच. विहारात येणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाला आडून विचारलं. ते म्हणाले, असलं काही बाहेर काढलं तर समाजाची बदनामी होते. अमेरिकेतल्या काळ्या गे पुरुषांबद्दल वाचलं, त्यांच्यावर अत्याचार झाला तर त्यांनाही दोन्हीकडून असंच ऐकावं लागतं म्हणे. माझं तसंच आहे, की मी उगाच जात चिकटवतोय? केस होते का? माझ्यावरच उलटेल का? आता मोहोर येईल, मुकादम फवारणीला बोलावतोय. जाऊ का?

मे महिन्यात आईनं हापूस कापला तर मला उलटी झाली. आई म्हणते पित्त आहे.

* * *

मित्रा,

जे तू एका ओळीत लिहून पुढे पळालास, आधी त्याबद्दल बोलू. शरीरानं साथ दिली, असं तू लिहिलं आहेस. साथ मन देतं. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून तुला कुणी दुःख झालं असं म्हणत नाही. त्वचेला, नसांना स्पर्श कळतो, दाब कळतो. तो स्पर्श कुणाचा आहे आणि तुला हवा आहे की नको, हे त्यांना कळत नाही. भीतीतसुद्धा पुरुषाचं शरीर ताठरतं, वीर्यही बाहेर पडतं. अत्याचार झालेल्या पुरुषांबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांना ही गोष्ट चांगली माहीत असते, कारण पुरुष सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात खालच्या आवाजात हीच सांगतात. हात हलले नाहीत त्याचंही तसंच. जीव संकटात सापडला की माणूस लढतो, पळतो किंवा जागच्या जागी गोठतो. तिन्हींपैकी काय होणार हे तुला विचारून ठरत नाही. तू गोठलास. दार आतून लावलेलं होतं आणि तुझी मजुरी त्याच्या खिशात होती.

आणि पहिल्या भेटीचा होकार त्या भेटीपुरता होता. त्यावर तू त्याला नको असं सांगितलंस, शब्दांत सांगितलंस. त्यानंतर शेडमध्ये जे झालं तो बलात्कार. कायद्यात त्याला आज काय म्हणतात ते पुढे सांगतो, पण तुझ्या-माझ्यात हा शब्द स्पष्ट असू दे.

आता जातीचं. इथे मला माझ्याबद्दल एक सांगावं लागेल, नाहीतर पुढचं बोलायचा मला हक्क नाही. मी सवर्ण घरातला आहे, आमच्या घरात एकेकाळी खोती होती, म्हणजे गावचा शेतसारा वसूल करायचा पिढीजात हक्क. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत आम्ही काहीजण एका घरी जमायचो. तिथे एक मुलगा म्हणाला, माझं आडनाव कळलं की समोरच्याचे मेसेज बंद होतात, नाहीतर एकदम अरेरावी सुरू होते. मी त्याला म्हटलं, "अरे, इथे तरी जात नको." तुला ग्रुपवर मिळालं तेच उत्तर, जवळजवळ त्याच शब्दांत. तो परत आला नाही. मला तेव्हा वाटलं होतं की मी मोठ्या मनानं बोललो. आज कळतं, जात बाजूला ठेवणं मला परवडत होतं, कारण माझं आडनाव विचारून कधी कुणी माझ्याशी वागायची रीत बदलली नव्हती. म्हणून त्या ग्रुपमधल्या मुलांच्या वतीनं नाही, पण माझ्या वतीनं तुला सांगतो: तू जात चिकटवत नाहीयेस. ती त्यानं दुसऱ्या मेसेजातच विचारून घेतली होती.

शेडमधलं त्याचं वाक्य पुन्हा वाच. "तुम्ही लोक आम्हाला कधीपासून नाही म्हणायला लागलात?" हे त्याला त्या रात्री सुचलेलं नाही. कोकणात खोताच्या कुळाला नाही म्हणता येत नव्हतं. पिकातला वाटा तर द्यावा लागेच, वर वेठही करावी लागे, बोलावलं की जावं लागे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. कायद्यानं खोती गेली, पण "हाक मारली की ही माणसं येणारच" ही सवय काही घरांत तशीच राहिली. त्या पुतण्याला खोती म्हणजे काय हे कदाचित सांगताही येणार नाही. वाक्य मात्र त्याच्या तोंडात तयार होतं.

त्यानं तुला निवडलं त्यामागे एक हिशेब होता. हा मुलगा गे आहे, म्हणजे घरी बोलणार नाही. हा बौद्धवाडीतला आहे, म्हणजे बोलला तरी गावात माझ्यासमोर त्याचं कोण ऐकणार. हा माझ्याकडे मजूर आहे, म्हणजे पोटासाठी परत येईल. यातलं कुठलं कारण किती, हे तू रात्र रात्र जागून मोजू नकोस. ते एकमेकांत घट्ट विणलेलं आहे, आणि विणणारा तो आहे.

तू अमेरिकेचं विचारलंस. एक घटना सांगतो. २७ मे १९९१, मिलवॉकी शहर. पहाटे लाओसहून आलेल्या कुटुंबातला १४ वर्षांचा मुलगा रस्त्यावर उघडा, रक्ताळलेला, गुंगीत धडपडत होता. दोन काळ्या तरुण मुलींनी त्याला पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले. तेवढ्यात एक गोरा माणूस आला आणि म्हणाला, हा माझा जोडीदार आहे, १९ वर्षांचा आहे, प्यायलाय, आमचं भांडण झालंय. मुली परोपरीनं सांगत होत्या की हा लहान आहे. पोलिसांनी त्यांनाच गप्प केलं आणि मुलाला त्या माणसाच्या घरी परत पोचवलं. तो माणूस जेफ्री डाहमर होता. थोड्याच वेळात त्यानं त्या मुलाचा खून केला. त्यानं मारलेल्यांत बहुतेक काळी माणसं होती. मुली काळ्या, मुलगा आशियाई, प्रकरण "गे लोकांचं आपसातलं", आणि शांतपणे बोलणारा गोरा पुरुष. विश्वास कुणावर ठेवायचा हे दार उघडायच्या आधीच ठरलेलं होतं. त्या दोन पोलिसांना नोकरीवरून काढलं, आणि पुढे परत घेतलं.

तिथल्या काळ्या पुरुषाला आणखी एक ओझं आहे. पिढ्यान् पिढ्या काळ्या पुरुषांवर बलात्काराचे खोटे आळ घालून त्यांना जमावानं मारलं. अलाबामात १९३१ साली नऊ काळ्या मुलांवर असाच खोटा आरोप झाला आणि त्यांच्यातल्या आठांना गोऱ्या ज्युरींनी काही दिवसांत फाशीची शिक्षा सुनावली. ज्याच्याकडे सगळे गुन्हेगार म्हणूनच बघतात त्यानं "माझ्यावर अत्याचार झाला" असं म्हणायचं कुणाला? पोलीस ठाण्याचीच भीती. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या आकडेवारीत बलात्काराची १९२७ पासूनची व्याख्या फक्त स्त्रीबद्दल होती. ती बदलायची घोषणा व्हायला २०१२ साल उजाडलं.

वंश म्हणजे जात नव्हे. तिथे कातडीचा रंग लांबून दिसतो. इथे आडनाव विचारावं लागतं, आणि कोकणात तर तेही नको, वाडीचं नाव पुरतं. पण तू ज्या कात्रीत सापडला आहेस ती तीच. आपली गे माणसं म्हणतात जात काढू नकोस, आपली जातीची माणसं म्हणतात हे काढू नकोस. तुझी तुलना चुकीची नाही.

विहारातल्या त्या वडीलधाऱ्यांवर मला राग येत नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं बदनाम केलं गेलं, त्याला बदनामीची धास्ती वाटणारच. पण कधी धीर झाला तर त्यांना १९३४ सालची एक गोष्ट सांग. दापोलीजवळच्या मुरूडचे र. धों. कर्वे तेव्हा 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवत होते. वाचक त्यांना लैंगिक प्रश्न विचारायचे आणि ते उत्तरं छापायचे, आज मी करतोय तेच. त्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांबद्दलचेही होते. कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक असे प्रश्न विचारतात आणि त्यांना उत्तर मिळायला हवं, अशी त्यांची भूमिका होती. खटला ते हरले. पण ज्यांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, त्यांनी शेजारच्या दापोलीच्या माणसासाठी हे केलं. तुझ्यासारख्यानं पत्र लिहून विचारणं बाबासाहेबांना बदनामीचं वाटलं नव्हतं.

आता केसचं. जे आहे ते सरळ सांगतो, कारण खोटी आशा दाखवणं पाप आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. जबरदस्तीसाठी जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ तेव्हाही शिल्लक होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि या नव्या संहितेत ते कलमच राहिलं नाही. बलात्काराचं कलम ६३ फक्त स्त्रीबद्दल बोलतं. म्हणजे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्याच नावाचं कलम आज आपल्याकडे नाही. याविरुद्धची याचिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती, न्यायालयानं सांगितलं की कायदा करणं संसदेचं काम. मला याचा संताप आहे.

पण रस्ता बंद नाही. डांबून ठेवणं, दुखापत करणं, धमकी देणं हे गुन्हे आहेतच. आणि तुझ्याकडे एक कायदा आहे जो माझ्यासारख्याला लागू होत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींच्या सवलती आहेत, तेव्हा जातीचा दाखला काढून ठेव. या कायद्यातल्या, २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत, अनुसूचित जातीच्या माणसाचे जबरदस्तीनं कपडे उतरवणं किंवा माणुसकीला काळिमा फासणारं तसलंच कृत्य करणं हा गुन्हा आहे. तिथे पुरुष-स्त्री असा भेद नाही. जातीवाचक शिवीचं कलम मात्र चारचौघांत, लोकांच्या नजरेसमोर घडलेल्याला लागतं. बंद शेडमधल्या नुसत्या त्या वाक्यावर केस उभी राहायची नाही, म्हणून वकिलाला कपड्यांचं कलम आधी विचार. या कायद्याखाली आरोपीला अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. गावातल्या ठाण्यात कुणाची कुणाशी ऊठबस आहे हे तुला माहीत आहे, म्हणून हे लक्षात ठेव.

वकिलाला पैसे लागतील म्हणून थांबू नकोस. अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. रत्नागिरीत जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. या मदतीचा देशभरचा फोन १५१००. तुझ्यावर उलटेल का, तर गे असणं गुन्हा नाही, चॅट दाखवली गेली तरी तू आरोपी होत नाहीस. चॅट पुसू नकोस. स्क्रीनशॉट काढ, तारखा दिसू देत, आणि एक प्रत स्वतःला मेल करून ठेव. त्यानं धमकी लिहून दिली असेल तर तो तुझा पुरावा आहे. एक वेळेचं गणित तेवढं लक्षात ठेव: ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालय साधारण एका वर्षाच्या आतच घेतं. साधी दुखापत त्यात येते. म्हणजे नुसतं वकिलाशी बोलायचं असेल तरी येत्या एप्रिलच्या आधी बोल.

केस करायलाच हवी, असं मी म्हणणार नाही. केली नाहीस तर तू भेकड ठरत नाहीस. हा निर्णय पूर्ण तुझा, आणि तो बदलायचाही तुला हक्क आहे.

तब्येतीचं मात्र थांबवू नकोस. जिल्हा रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. एचआयव्हीची तपासणी मोफत होते, निकाल गुप्त ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. तीन महिने उलटून गेले आहेत, म्हणजे निकाल भरवशाचा येईल. तिथेच सिफिलिस आणि कावीळ ब विचार. (हे वाचणाऱ्या कुणावर कालपरवा असं घडलं असेल तर त्यानं पत्र लिहीत बसू नये. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायची. सरकारी रुग्णालयात मिळतात.) मनासाठी टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६. रात्रीबेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. कुणी डॉक्टर "गेपणा बरा करतो" म्हणाला तर तिथून ऊठ. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असले उपचार गैरवर्तन ठरवले आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही गे माणसांसाठी काम करणारी संस्था आहे. तिथे बोलताना जातही सांग. ऐकणारा अवघडला तर दुसरा माणूस माग.

आणि बाग. मुकादमाला सांग, यंदा जमत नाही. कारण द्यायची गरज नाही, कोकणात कामाला माणूस मिळत नाही म्हणून सगळेच रडत असतात, दुसरी बाग मिळेल. पैशाची ओढाताण होऊन तिथेच जावं लागलं तर फवारणीला दिवसाउजेडी, टोळीबरोबर जा. काढणीला, रात्रीच्या पेट्यांना नाही. राहिलेली मजुरी मुकादमामार्फत मागव. एकट्यानं त्या घराच्या पडवीत जाऊन उभा राहू नकोस.

राहिला आंबा. आढीतल्या पेंढ्याचा आणि पिकत्या हापूसचा वास त्या शेडमध्ये होता, म्हणून तुझं पोट तो वास आला की दार लावल्याची वेळ समजतं. हे सावकाश कमी होतं, समुपदेशकाबरोबर लवकर होतं. यंदा आंबा घरात आला तर तू बाहेर जा, अंगणात, बंदरावर, कुठेही.

आईला सगळं सांगायची घाई नको. पण पित्ताचं औषध किती दिवस घेशील? तिला एवढंच सांगून बघ: "आई, मला आंब्याचा वास सोसत नाही. त्याला कारण आहे. आज सांगता यायचं नाही, पण कारण आहे, आणि माझी त्यात चूक नाही." एवढ्यावर थांब, आणि ती काय म्हणते ते मला कळव.